घोडी फळते, पण गाभ टिकत नाही : आधी दिवस मोजा

आमच्या मोगराला सलग तीन हंगाम शिंगरू झालं नाही. तिन्ही वेळा गावभर एकच निदान झालं: वय झालंय, वांझ आहे, विकून मोकळे व्हा. चौथ्या हंगामात तिला शिंगरू झालं. मधल्या काळात मला जे उमगलं ते एवढंच, की ‘गाभ राहत नाही’ हा एक आजार नव्हेच. तीन वर्षांत तीन वेगवेगळे बिघाड होते आणि मी दर वेळी मागच्या वर्षीचं औषध पुढच्या वर्षी देत होतो. नर लावल्यापासून कितव्या दिवशी गाडी घसरली हे बघितलं असतं, तर निम्मं निदान घरीच झालं असतं.

मोगरा मूळची वरातीची घोडी, पांढरी, घोडेवाल्यांच्या भाषेत नुकरी. २०२० च्या टाळेबंदीत लग्नं थांबली, एका वरातवाल्याला चार जनावरांचा खुराक झेपेना, तेव्हा मी तिला घेतलं. दातांवरून दहा वर्षांची. आमची जागा घोडबंदर रोडला ओवळ्याच्या मागे, डोंगराच्या कडेला. या रस्त्याच्या नावातच घोडा आहे. खाडीवरच्या बंदरात एके काळी अरबी घोडे उतरायचे असं सांगतात. आज इथे घोड्याच्या डॉक्टरला बोलवायचं तर आधी ट्रॅफिकच्या देवाला नारळ फोडावा लागतो. त्यामुळे डॉक्टर येण्याआधी मालकाने काय बघून ठेवावं, काय लिहून ठेवावं, याला इथे जास्त किंमत आहे.

तर पहिली गोष्ट वही. आमच्या तबेल्यात एक जाड पुठ्ठ्याची वही खुंटीला सुतळीने बांधलेली आहे. माज कधी सुरू झाला, कधी संपला, नर कधी लावला, सकाळ-संध्याकाळचा ताप, एवढंच त्यात असतं. घोड्यांचं सगळं बघणारे मामा (त्यांना सगळेच मामा म्हणतात) अजून ‘माज’ म्हणत नाहीत, ‘अलंगावर आली’ म्हणतात. वहीतही तसंच लिहितात.

पंधरा-सोळा दिवसांतच परत माज

२०२१ सालचं पान असं आहे: ३ मार्च अलंग. १८ मार्च अलंग. ३ एप्रिल अलंग. १९ एप्रिल अलंग. प्रत्येक माजात आम्ही दोनदा नर लावला, म्हणजे दीड महिन्यात आठ वेळा. बदलापूरकडून नर आणायचा, टेम्पोचं भाडं द्यायचं, आणि दोन आठवड्यांनी घोडी पुन्हा शेपूट वर करून उभी.

मे महिन्यात डॉक्टर मॅडम आल्या. त्यांनी मशीन काढायच्या आधी वही मागितली, बोटाने तारखा मोजल्या आणि म्हणाल्या, “हिचं चक्र एकवीस दिवसांचं असायला हवं. पंधरा दिवसांनी येतेय म्हणजे आत सूज आहे.” घोडीचं चक्र साधारण २१-२२ दिवसांचं, त्यात माज ५ ते ७ दिवस. नुसती फळली नसती तर एकविसाव्या दिवशी आली असती. गर्भाशयाला सूज असेल तर तिथून प्रोस्टाग्लँडिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि चक्र मधेच तुटतं. माझ्या वहीत उत्तर दोन महिने पडून होतं आणि मला वाचता येत नव्हतं.

मग त्या मोगराच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. “शेपूट धरा जरा.” टाळेबंदीत घोडी खंगली होती. अंगावरची चरबी गेली की म्हाताऱ्या घोडीचं गुद आत ओढलं जातं आणि खालचं योनीमुख उभं राहायच्या ऐवजी फळीसारखं आडवं कलतं. मग लीद पडते ती थेट त्यावर. मॅडमनी दोन बोटांनी ओठ हलकेच फाकवले आणि आत हवा ओढली गेल्याचा आवाज आला. अगदी बशीतला चहा फुरकावा तसा. मामा आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. चालताना, पळताना असा आवाज आम्ही कितीदा ऐकला होता, आणि गॅस झाला म्हणून हसलो होतो.

सोनोग्राफीत गर्भाशयात तीन सेंटिमीटर पाणी दिसलं, त्यात राखाडी कण तरंगत होते. नर लावला की प्रत्येक घोडीच्या गर्भाशयाला थोडी सूज येतेच. वीर्यच ती आणतं. धडधाकट घोडी दीड-दोन दिवसांत सगळं बाहेर टाकून मोकळी होते. गर्भ नळीतून खाली गर्भाशयात यायला सहाएक दिवस लागतात, तोवर घर स्वच्छ झालेलं असतं. मोगरासारखी घोडी ते बाहेर टाकू शकत नाही, आणि गर्भ येतो तो घाणीत. आम्ही एका माजात दोनदा नर लावून घाण दुप्पट करत होतो.

याच्या आधी कुणाच्या तरी सांगण्यावरून आम्ही गायीला ठेवतात तशी गोळी दोनदा गर्भाशयात ठेवली होती. हे मॅडमना सांगताना मान खाली गेली. न तपासता अँटिबायोटिक घातलं की एक जंतू मरतो आणि त्याच्या जागी बुरशी घर करते, आणि बुरशी काढणं त्याहून कठीण. त्यामुळे क्रम असा हवा: माजावर असतानाच आतला स्वॅब, तोही आवरणातून नेलेला, म्हणजे बाहेरची घाण लागत नाही. तो परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या प्रयोगशाळेत. अहवालात जे औषध चालतं असं येईल तेच. आमच्या अहवालात ई. कोलाय आला, म्हणजे लिदेतलाच जंतू. मग गर्भाशय कोमट सलाइनने धुतलं. बाहेर येणारं पाणी पहिल्यांदा ताकासारखं होतं, ते निवळेपर्यंत धुत राहिलो. शेवटी योनीच्या वरच्या भागाला टाके. याला कॅसलिक म्हणतात. जागा बधिर करतात, काम पंधरा मिनिटांचं. लीद आणि हवा दोन्ही बंद. हे टाके विण्याआधी उसवावेच लागतात, नाहीतर फाटतं. मामांनी त्याच दिवशी तबेल्याच्या दारावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं: टाके आहेत.

बाकी उन्हाळा नुसता खाऊ घालण्यात गेला. लसूणघास, भरडलेलं ओट, थोडा भिजवलेला हरभरा. भाताचा पेंढा आमच्याकडे स्वस्त मिळतो, पण तो पोटात अडकतो आणि पावसाळ्यात त्याला बुरशी लागते. गाभण घोडीपुढे मी तो टाकत नाही.

आणखी एक. जानेवारी-फेब्रुवारीत काही घोड्यांचा माज दहा-बारा दिवस लांबतो, कारण दिवस नुकता मोठा होऊ लागलेला असतो आणि अंडाशय पुरतं जागं झालेलं नसतं. अशा माजात नर लावणं म्हणजे भाडं पाण्यात. अंडं सुटलं की चक्र सरळ होतं, तोवर थांबा.

२०२२ पासून आम्ही एका माजात एकदाच नर लावतो. मॅडम एक दिवसाआड सोनोग्राफी करतात. बीजकोश (अंडाशयात अंडं वाढतं तो पाण्याचा फुगा) ३५ मिलिमीटरच्या पुढे गेला आणि मऊ लागला की नर. नराचं बीज आत दोन दिवस सहज तग धरतं, घोडीचं अंडं मात्र एक दिवसही टिकत नाही, म्हणून नर आधी लागलेला बरा. नर लावल्यावर पाच-सहा तासांनी ऑक्सिटोसिनचं, म्हणजे गर्भाशय आवळून आतलं बाहेर टाकायला लावणारं इंजेक्शन, दुसऱ्या दिवशी पुन्हा सोनोग्राफी, पाणी असेल तर पुन्हा धुणं. नर दुसऱ्याच्या तबेल्यातला असेल, त्यातही जत्रेतून आलेला, तर ग्लँडर्सचा अहवाल बघितल्याशिवाय दार उघडू नका. नमुना सरकारी पशुवैद्यकामार्फत हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातो. हा रोग माणसालाही होतो, आणि तिथे भीड चालत नाही.

माजही नाही, गाभही नाही

१४ मार्च २०२२ ला नर. पंधराव्या दिवशी सोनोग्राफीच्या पडद्यावर काळा गोल ठिपका, सुमारे दोन सेंटिमीटर. एकच. जुळं असेल तर याच दिवसांत एक ठिपका दाबून काढतात, कारण सोळाव्या-सतराव्या दिवसापर्यंत ते फिरते असतात, वेगळे करता येतात. घोडीला दोन शिंगरं पोसत नाहीत. मग अठ्ठाविसाव्या दिवशी त्या ठिपक्यात काजव्यासारखं काहीतरी लुकलुकलं. हृदय. आम्ही पेढे वाटले आणि डॉक्टरांना बोलवणं बंद केलं. माझी सगळ्यात महागडी चूक ही.

४ मे, वहीत मामांचं अक्षर: ताप १०३.६, पातळ लीद. एरवी घोडीचा ताप ९९ ते १०१.५ फॅरनहाइटच्या आत असतो. आमच्याकडे मे महिन्यातली दमट हवा घोड्यांना उभं जाळते. काही घोड्यांचा तर घामच बंद होतो, नुसत्या धापा टाकत राहतात. म्हणून आम्ही उष्णतेवर ढकललं. पाणी मारलं, मीठ-गूळ पाजला, दोन दिवसांत लीद बांधली. त्यानंतर माज आला नाही. माज नाही म्हणजे गाभण, असा हिशोब. जूनमध्ये रक्त तपासलं, तेही गाभण आलं. ऑगस्टमध्ये पोट काही भरेना म्हणून सोनोग्राफी केली. आत काही नव्हतं.

आतड्याला असा झटका बसला की जंतूंचं विष रक्तात उतरतं, त्याने प्रोस्टाग्लँडिन वाढतं, आणि पहिल्या दोन महिन्यांत गाभ ज्या एका पिवळ्या गाठीच्या जिवावर टिकलेला असतो ती अंडाशयातली गाठ विरते. गाभ गेला. मग माज का नाही आला? कारण पस्तिसाव्या-छत्तिसाव्या दिवसाच्या सुमाराला गर्भाशयात छोट्या पेल्यांसारख्या पेशींचे गोळे तयार होतात. ते चौथ्या महिन्यापर्यंत स्वतःचं संप्रेरक सोडत राहतात, आत गर्भ असो वा नसो. घोडी नीट माजावर येत नाही आणि त्याच संप्रेरकावर आधारलेली रक्ततपासणी ‘गाभण’ म्हणत राहते. त्या तपासणीत खोट काही नाही, आम्ही तिला चुकीच्या वेळी चुकीचा प्रश्न विचारला. हंगाम मात्र गेला. पेले जिरेपर्यंत पाऊस लागलेला होता.

तेव्हा, ज्यांच्या घोडीचा माज थांबला आहे पण पोट दिसत नाही, त्यांनी आधी सोनोग्राफी करावी. पंधरा आणि अठ्ठावीस दिवसांवर थांबू नका, ४५, ६० आणि ९० लाही बघा. आणि पहिल्या दोन महिन्यांत ताप, पोटशूळ, जुलाब, खुराचं दुखणं, काहीही झालं तर डॉक्टरना फोन त्याच तासाला, आणि पहिलं वाक्य “घोडी अमुक दिवसांची गाभण आहे” हेच. ताप आणि विष उतरवण्याबरोबर ते गाभ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचा आधार देतात, रोज तोंडातून पाजायचं औषध असतं. ते औषध कातडीतून अंगात जातं. हातमोजे घाला आणि घरातल्या बायकांना ते हाताळायला लावू नका.

पाच-सात महिन्यांनी गाभ टाकला

२०२३ मध्ये गाभ राहिला, साठ झाले, नव्वद झाले. गणपती गेले. सप्टेंबरच्या अखेरीस पोटाखाली सूज दिसली. बोट दाबलं की खळगा राहायचा. गाभण आहे, असायचीच, असं आम्ही म्हटलं. खुराक पूर्ण खात होती तरी मांड्या उतरत होत्या. वहीत मधूनच १०४, मग तीन दिवस साधारण, मग पुन्हा १०३.८. ९ ऑक्टोबरला सकाळी गाभ पडलेला दिसला, साडेसहा महिन्यांचा.

हा सर्रा होता. ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी नावाचा परजीवी. ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यकाने १८८० साली डेरा इस्माइल खान इथे घोड्या-उंटांच्या रक्तात तो पहिल्यांदा पाहिला. म्हणजे हा रोग काही नवा नाही, आपणच विसरलेलो. डांस, म्हणजे चावली की रक्ताचा थेंब काढणारी ती मोठी माशी, एका जनावराचं रक्त सोंडेला लावून लगेच दुसऱ्याला डसते आणि परजीवी पोचवते. आमच्यापासून दोनशे पावलांवर म्हशींचा तबेला आहे. म्हैस हा परजीवी अंगात घेऊन मजेत रवंथ करत बसते, तिला फारसं काही होत नाही. घोडा मात्र खचतो. म्हशीवाल्याशी भांडून उपयोग नव्हता, त्याच्या म्हशी आमच्या आधीपासून तिथे आहेत.

निदान उशिरा झालं ते एका बारीकशा कारणाने. पहिलं रक्त आम्ही ज्या दिवशी काढलं त्या दिवशी ताप नव्हता. सर्रा लाटांनी येतो. ताप चढलेला असताना रक्तात परजीवी भरपूर, उतरला की काचेवर एकही सापडत नाही. गाभ पडल्यावर पुन्हा ताप चढला तेव्हा मामांनी रात्री अकराला मला उठवलं, मॅडमनी फोनवरून सांगितल्याप्रमाणे मी रक्ताची बाटली बर्फात घालून पहाटे निघालो. ताज्या थेंबात तो दिसला. मलाही सूक्ष्मदर्शकातून दाखवला: रक्तपेशींच्या गर्दीत एक चाबकासारखं काहीतरी वळवळत पेशींना धक्के देत चाललेलं. म्हणून सांगतो, सर्राचा संशय असेल तर ताप असतानाच रक्त काढा, आणि एक तपासणी कोरी आली म्हणून सुटलो असं समजू नका.

औषध क्विनापायरामिन. सुईची जागा चांगलीच सुजते, म्हणून डॉक्टर डोस विभागून दोन-तीन जागी देतात. स्वतः टोचायच्या भानगडीत पडू नका. आमच्याकडून आणखी एक चूक झाली. पडलेला गाभ आणि वार आम्ही घाईने खड्ड्यात पुरली. घोड्यांच्या हर्पीस विषाणूनेही गाभ पडतो आणि तो विषाणू बाकीच्या घोड्यांना लागतो, तेव्हा ते हातमोजे घालून पिशवीत, बर्फात, तपासणीला जायला हवं होतं. पुरल्यामुळे तेही सोबत होतं की नाही हे कायमचं राहून गेलं. तेव्हापासून हर्पीसची लस पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात देतो.

डांस उन्हात उडतो, अंधाऱ्या गोठ्यात सहसा शिरत नाही. पुस्तकी उपाय असा, की दिवसा घोडी आत आणि चराई रात्री. ते पुस्तक लिहिणाऱ्याच्या मागे येऊरचा डोंगर नसावा. आमच्याकडे रात्री बिबट्या येतो, दोन कुत्री त्याने नेली. मग आम्ही चराईच सोडली. पावसाळाभर घोडी जाळी लावलेल्या अंधाऱ्या खणात, गवत कापून आणायचं, संध्याकाळी दिवेलागणीला तासभर दोरीवर फिरवायचं, कडुनिंबाचा धूर, आणि लीद रोजच्या रोज लांब.

आणि मग

जानेवारी २०२४ मध्ये रक्त पुन्हा तपासलं, स्वॅब घेतला, दोन्ही स्वच्छ. १२ मार्चला एकदा नर. तपासण्या सगळ्या वेळच्या वेळी. धनुर्वाताची लस विण्याच्या महिनाभर आधी, म्हणजे चिकातून शिंगराला मिळते. दारावरचा खडू तीनदा पुन्हा गिरवला होता, म्हणून २४ जानेवारीला टाके न विसरता उसवले. १२ फेब्रुवारीच्या संध्याकाळी आचळांच्या टोकांना मेणासारखे पिवळट थेंब साकळले. दुसऱ्या रात्री मामा आणि मी खणाबाहेर घोंगडी टाकून बसलो.

दोन वाजून दहा मिनिटांनी पाणी फुटलं, अडीचला शिंगरू बाहेर. घोडीचं काम असंच, वीस-तीस मिनिटांचं. पांढऱ्या पडद्याऐवजी आधी लाल मखमली पिशवी दिसली, तर ती तिथेच फाडून शिंगरू बाहेर ओढायचं, डॉक्टर यायची वाट बघायची नाही. आमचं सरळ झालं. तीन वीसला उभं, चार वाजून पाच मिनिटांनी आचळ सापडलं.

वार मात्र पडेना. मामांचा हात आयुष्यभर म्हशींवर बसलेला, ते म्हणाले, “पडेल उद्यापर्यंत, घाई काय?” म्हशीला ते चालतं. घोडीला तीन तासांची मुदत. त्यापुढे वार आत राहिली की गर्भाशय सडतं, विष अंगात भिनतं आणि खुरांत उतरतं, चांगली घोडी पायांवरून जाते. साडेपाचला मॅडमना फोन केला, त्यांनी सांगितल्याप्रमाणे ऑक्सिटोसिन दिलं. लोंबती वार पायाखाली येऊ नये म्हणून सुतळीने वर बांधली. ओढली नाही, वीट-बिट टांगली नाही. सव्वासहाला पडली. अंगणात पसरून तिच्या दोन्ही शिंगांची (गर्भाशयाच्या दोन फाट्यांत बसणाऱ्या भागांची) टोकं शाबूत आहेत ना ते बघितलं. तुकडा राहतो तो बहुतेक टोकाचाच.

शिंगरू मादी आहे, करडी, मोठेपणी आईसारखी पांढरी होईलसं दिसतं. नवव्या दिवशी मोगरा पुन्हा माजावर आली आणि नरवाल्याने स्वतःहून फोन केला, “आत्ता लावलं तर वर्ष वाया जात नाही.” तरुण, निरोगी घोडीला त्या माजात लावतातही. हिची वार अडकली होती, आत पाणी होतं, मी नाही म्हटलं. टाके पुन्हा घातले. मार्चच्या माजात स्वॅब घेतला, त्यात काही वाढलं नाही. तरी त्या वर्षी नर लावलाच नाही. पंधरा वर्षांची घोडी दूध पाजतेय, खुराक वाढवूनही तिच्या बरगड्या मोजता येत होत्या, आणि हिच्या बरगड्या दिसायला लागल्या की शेपटीखाली काय होतं ते मी २०२१ मध्ये बघितलं आहे.